पेडल स्टील गिटार हाती आल्यावर: तारा, पेडलं आणि लिव्हर यांची मांडणी पहिल्यांदा समजून घेताना

पेडल स्टील, म्हणजे आडवी ठेवून स्टीलच्या बारने वाजवायची आणि पायांनी-गुडघ्यांनी तारांचे सूर बदलता येणारी गिटार, शिकायला बसले तेव्हा पहिले काही आठवडे मला वाटत होतं की माझ्या कानातच काहीतरी कमी आहे. धड्यात सांगितलेलं असायचं की डावीकडचं पहिलं पेडल दाबा, मेजर कॉर्डची मायनर होईल. मी दाबायचे आणि तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या तारेवर भलताच अधांतरी मेळ निघायचा. कान ठीक होता, हातही ठीक होते. माझ्या वाद्याची पेडलं धड्यातल्या वाद्याच्या उलट्या क्रमाने लावलेली होती. विकणाऱ्याने ते सांगितलं नाही आणि असं काही विचारायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं.

हा लेख तेवढ्यासाठी आहे. या वाद्यात दोन नग हुबेहूब सारखे असतीलच असं नाही. कोणती तार कोणत्या सुरात आणि कोणतं पेडल कोणती तार किती चढवतं किंवा उतरवतं, याच्या तक्त्याला वादक ‘कोपेडंट’ म्हणतात. आपल्या वाद्याचा कोपेडंट स्वतःच्या हाताने लिहून काढेपर्यंत कोणताही धडा उघडू नका, असं मी आग्रहाने सांगेन.

सुरुवातीला जवळ काय हवं

- क्रोमॅटिक ट्यूनर, सेंटमध्ये (अर्ध्या सुराच्या शंभराव्या भागात) फरक दाखवणारा
- चेंजरच्या (तारा ताणणाऱ्या-सैल करणाऱ्या यंत्रणेच्या) टोकाला असलेल्या नायलॉन नटांना बसणारा षटकोनी पाना (माप बनावटीप्रमाणे बदलतं, वाद्यासोबत आला नसेल तर आधी तो मिळवा)
- ॲलन पान्यांचा छोटा संच
- स्टीलचा गोल बार. दहा तारांसाठी साधारण 7/8 इंच व्यासाचा
- अंगठ्याची एक नखी आणि बोटांच्या दोन धातूच्या नख्या
- व्हॉल्यूम पेडल
- तारांचा जादा संच, आणि तिसऱ्या तारेचे आणखी दोन-तीन नग
- कागद, पेन्सिल, खोडरबर

वाद्य अजून घेतलं नसेल तर एकच गोष्ट लक्षात ठेवा: 3 पेडलं आणि 4 गुडघा-लिव्हर (गुडघ्याने ढकलायचे दांडे), यापेक्षा कमी घेऊ नका. एकच लिव्हर असलेली शिकाऊ वाद्यं मिळतात, पण त्यांच्यावर अर्धे धडे वाजवताच येत नाहीत. पुढे लिव्हर वाढवणं प्रत्येक वाद्यात शक्य नसतं.

1. आपल्यासमोर कोणती मांडणी आहे ते ओळखा

दोन सुरावटी मुख्य आहेत. एक ‘ई नाइन्थ’, कंट्री संगीतात ऐकू येणारा तो ओलसर, घसरता आवाज तिचा. दुसरी ‘सी सिक्स्थ’, स्विंग आणि जॅझच्या भरगच्च कॉर्डसाठी. वाद्याला एकच मान (तारांची पट्टी) आणि दहा तारा असतील तर ती बहुधा ई नाइन्थ असते. दोन माना असतील तर तुमच्यापासून लांबची ई नाइन्थ आणि जवळची सी सिक्स्थ. अशा वाद्यावर साधारणपणे डावीकडची 3 पेडलं ई नाइन्थची आणि पुढची 5 सी सिक्स्थची असतात. बारा तारांचं ‘युनिव्हर्सल’ वाद्यही असतं, ते दोन्ही सुरावटी एकाच मानेवर आणतं.

नवख्याने ई नाइन्थपासून सुरुवात करावी. पुढचं सगळं तिच्याबद्दलच आहे.

2. दहा तारा सरगममध्ये वाचा

इंग्रजी अक्षरं पाठ करण्यात मी बराच वेळ घालवला. मग एके दिवशी ई या सुराला सा मानलं आणि सगळा तक्ता डोळ्यांपुढे उभा राहिला. तुमच्यापासून सर्वांत लांबची तार पहिली, सर्वांत जवळची दहावी:

1. एफ शार्प: तार सप्तकातला रे
2. डी शार्प: मध्य सप्तकातला शुद्ध नी
3. जी शार्प: तार ग
4. ई: तार सा
5. बी: मध्य प
6. जी शार्प: मध्य ग
7. एफ शार्प: मध्य रे
8. ई: मध्य सा
9. डी: मंद्र कोमल नी
10. बी: मंद्र प

तिसरीपासून दहावीपर्यंत सूर नीट पायरीपायरीने खाली येतात. पहिल्या दोन तारा मात्र रांगेबाहेरच्या आहेत: जागा सर्वांत लांबची, पण सूर तिसरीपेक्षा खालचे. त्या नंतर जोडल्या गेल्या, म्हणून असं दिसतं. तारा चढवताना इथेच घोटाळा होतो. पहिली तार सर्वांत बारीक असेल असं समजून संच क्रमाने लावायला जाल आणि काहीतरी तुटेल. सर्वांत बारीक तार तिसरी, साधारण 0.011 इंचाची. पहिली साधारण 0.013, दुसरी 0.015. तिसरीवर ताण सर्वांत जास्त आणि एक पेडल तिला आणखी वर ओढतं, म्हणून तुटते ती बहुधा हीच. जादा नग सांगितले ते यासाठी.

3, 4, 5, 6, 8 आणि 10 या तारा म्हणजे ग सा प ग सा प, शुद्ध मेजर कॉर्ड. 1, 2, 7, 9 या अधल्यामधल्या सुरांच्या तारा. पहिल्या महिन्यात त्यांच्याकडे बघूच नका.

3. ए, बी, सी ही तीन पेडलं आणि त्यांचा क्रम

आधी एक धोका. ‘ए-पेडल’ म्हणजे ए सूर देणारं पेडल नव्हे, ‘सी-पेडल’चा सी सुराशी संबंध नाही. ती फक्त नावं आहेत. कामं अशी:

- ए-पेडल: 5 आणि 10, प चढून ध
- बी-पेडल: 3 आणि 6, ग चढून म
- सी-पेडल: 4, सा चढून रे, आणि 5, प चढून ध

आता नुसतं सरगममध्ये विचार करा. मोकळ्या तारांवर सा ग प. ए दाबलं की सा ग ध, म्हणजे धैवतावरची मायनर कॉर्ड. ए आणि बी दोन्ही दाबली की सा म ध, म्हणजे मध्यमावरची मेजर. बार हलवलाच नाही आणि कॉर्ड बदलली. बी आणि सी मिळून रे म ध, ऋषभावरची मायनर. एवढं कळलं की पेडल स्टीलचं निम्मं व्याकरण हाती आलं.

या मांडणीमागे एक कान उघडणारी गोष्ट आहे. 1954 च्या सुमारास बड आयझॅक्स या वादकाने गाजलेल्या एका ध्वनिमुद्रिकेत तार वाजत असतानाच पेडल दाबलं. त्याआधी पेडल हे मुख्यतः एका सुरावटीतून दुसरीत जाण्याचं साधन होतं. आता कॉर्डच्या पोटात एक सूर स्थिर आणि शेजारचा चढतोय असं ऐकू आलं, आणि सगळे स्टीलवादक तो आवाज शोधू लागले. आयझॅक्सचं ते पेडल प आणि ग दोन्ही एकदम चढवत होतं. बडी एमन्सने ते काम दोन पेडलांत विभागलं, आणि जिमी डे यानेही तेच केलं, पण क्रम उलटा ठेवला.

त्यामुळे आजही दोन पद्धती आहेत. एमन्स मांडणीत डावीकडून उजवीकडे ए, बी, सी. डे मांडणीत सी, बी, ए. बी दोन्हीकडे मधलंच.

ओळखायचं कसं? ट्यूनर लावा. सर्वांत डावीकडचं पेडल दाबा आणि चौथी तार छेडा. सूर हलला नाही तर ते ए-पेडल, मांडणी एमन्सची. सा चा रे झाला तर ते सी-पेडल, मांडणी डेची. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. माझे काही आठवडे याच परीक्षेअभावी गेले: सा ग ध यायला हवं होतं तिथे रे ग ध वाजत होतं.

कोणती चांगली? दोन्हींवर अप्रतिम वाजवणारे झाले आहेत. वाद्य ज्या मांडणीत आहे तीच शिका आणि धडा पाहताना पेडलाची जागा न पाहता नाव पाहा. एमन्सवरचे धडे जास्त सापडतात. त्यामुळे नवं वाद्य बनवून घेत असाल आणि निवड तुमच्या हाती असेल, तर एमन्स सोयीची.

4. गुडघा-लिव्हर

पेडलं बऱ्यापैकी ठरलेली, लिव्हर मात्र जो तो आपल्या सोयीने लावतो. जागेपेक्षा काम पाहा:

- एफ-लिव्हर: 4 आणि 8, सा चढून कोमल रे
- ई-लिव्हर: 4 आणि 8, सा उतरून शुद्ध नी
- दुसरी तार उतरवणारा: शुद्ध नी, कोमल नी, मग ध असा दोन टप्प्यांत, सोबत नववी कोमल नी वरून ध
- पहिली चढवणारा: रे वरून कोमल ग किंवा शुद्ध ग, सोबत बरेचदा दुसरी नी वरून सा, कधी सहावी ग वरून रे
- उभा, म्हणजे गुडघा वर उचलून लावायचा: पाचवी, कधी दहावीही, प वरून तीव्र म

पहिले दोन नसतील तर वाद्य अपुरं आहे. एफ-लिव्हर आणि ए-पेडल एकत्र लावलं की ध, कोमल रे, ग मिळतात, म्हणजे धैवतावरची मेजर. ई-लिव्हर एकटा लावला तर ग प नी, गंधारावरची मायनर. उभ्या लिव्हरचं एक सुंदर काम आहे: ए आणि बी दाबून ठेवून तो लावला की ध चा कोमल ध व्हावा आणि मध्यमावरची मेजर कॉर्ड मायनर व्हावी. ते नीट जुळायला काही वाद्यांत वेगळा ‘स्प्लिट’ स्क्रू लागतो. सुरुवातीला नाही जुळलं तरी बिघडत नाही.

एमन्स मांडणीत एफ-लिव्हर साधारणपणे डाव्या गुडघ्याने डावीकडे ढकलायचा असतो, कारण ए-पेडल सर्वांत डावीकडे आहे आणि पाऊल तिकडे असताना गुडघा सहज तिकडेच जातो. डे मांडणीत ए उजव्या टोकाला, म्हणून तिथे एफ आणि ई लिव्हर बहुधा अदलाबदल केलेले असतात. कोणी फक्त पेडलं उलटवून लिव्हर तसेच ठेवले असतील तर ए आणि एफ एकत्र लावताना पाय पिळवटतो. जुनं वाद्य घेताना हे बसून तपासा, नुसतं बघून कळत नाही.

5. तक्ता लिहा

दहा ओळी आणि पेडल-लिव्हरांइतके रकाने आखा. प्रत्येक पेडल आणि लिव्हर एकेक करून दाबा, दहाही तारा छेडा, बदललेला सूर लिहा. आधीच्या मालकाने काय सांगितलं किंवा बनवणाऱ्याच्या कागदावर काय छापलंय, यावर विसंबू नका. मधल्या काळात कोणीतरी आतली, पेडलाची ओढ तारेपर्यंत नेणारी सळई हलवलेली असते. हा कागद वाद्याच्या पेटीत कायम ठेवा.

6. सूर लावणं: इथे घाई नको

आजच्या बहुतेक वाद्यांची रचना ‘ऑल-पुल’ असते. पेडलाला जोडलेली सळई वाद्याच्या पोटातल्या आडव्या दांड्याला फिरवते, दांडा दुसरी सळई ओढतो, ती चेंजरमधल्या ‘बोटाला’ (तार जिच्यावर टेकते त्या धातूच्या पट्टीला) कलवते आणि तार ताणली किंवा सैल केली जाते. मोकळ्या तारेचा सूर डावीकडच्या खुंटीने लावायचा. पेडलाने येणारा सूर उजव्या टोकाच्या नायलॉन नटाने लावायचा. ‘पुश-पुल’ या जुन्या रचनेत पद्धत वेगळी आहे, ते वाद्य असेल तर हा भाग जसाच्या तसा वापरू नका.

क्रम असा ठेवा. काहीही न दाबता दहाही मोकळ्या तारा लावा. मग ए-पेडल पूर्ण दाबून धरा आणि 5 व 10 चे नट फिरवा. मग बी, मग सी, मग लिव्हर. शेवटी पुन्हा मोकळ्या तारा तपासा.

सर्वांत मोठा सापळा: पेडल दाबूनही सूर खालीच राहतोय म्हणून नट आवळत जायचं. ठरावीक हद्दीनंतर सळईतली ढील संपते आणि चेंजरचं बोट आपल्या जागी परत टेकत नाही. मग मोकळी तारच चढी होते, तुम्ही ती खुंटीने उतरवता, पेडलाचा सूर आणखी उतरतो, पुन्हा नट आवळता. मी या फेऱ्यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. पेडल सोडलेलं असताना नट बोटांनी किंचित हलायलाच हवा. हलत नसेल तर तो सैल करा आणि दोष पेडलाच्या थांब्यात शोधा: पेडल पुरेसं खालीच जात नसेल.

दुसरा सापळा: लिव्हरने उतरवलेली तार परतताना थोडी चढी राहते. बहुतेक वेळा डाव्या टोकाचे, तारांखालचे रोलर मळलेले असतात. ते साफ करा, सुईच्या टोकावर मावेल इतकंच तेल द्या.

तिसरा म्हणजे ‘कॅबिनेट ड्रॉप’. ए आणि बी दाबल्यावर ताण वाढून लाकूड अगदी किंचित वाकतं आणि न बदललेल्या तारा, विशेषतः सा च्या, काही सेंट उतरतात. चांगल्या वाद्यातही हे थोडं असतंच. म्हणून बरेच वादक सा मुळातच ट्यूनरच्या शून्यापेक्षा थोडा वर ठेवतात.

आता खरा प्रश्न: ट्यूनरचा काटा मध्यावर आला की सूर लागला का? नाही लागला. ट्यूनर समान अंतरांचे सूर दाखवतो. तंबोऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार त्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट खाली असतो. पेडल स्टीलवर सूर लांबवर टिकतात, त्यामुळे काट्यावरचा गंधार कानाला चढाच वाटतो. म्हणून सा च्या तुलनेत 3 आणि 6 या तारा साधारण 14 सेंट खाली, 5 आणि 10 जवळजवळ शून्यावर, दोनेक सेंट वर. ए-पेडलने येणारा ध सुमारे 16 सेंट खाली, कारण तो मध्यमाचा गंधार आहे. एफ-लिव्हरचा कोमल रे तर काट्यापेक्षा जवळपास 29 सेंट खाली जातो, कारण तो खाली बसलेल्या धैवताचा गंधार. म्हणूनच ए आणि एफ लावून वाजवताना सगळी कॉर्डच थोडी उतरलेली असते आणि बार फ्रेटच्या रेषेच्या किंचित पुढे धरावा लागतो.

सातव्या तारेचा रे कधीच सगळ्यांना खूश करत नाही. पंचमाशी जुळणारा रे आणि मध्यम-धैवताशी जुळणारा रे यांत सुमारे 22 सेंटचं अंतर आहे. शास्त्रात ज्यांना चतुःश्रुती आणि त्रिश्रुती ऋषभ म्हणतात, तेच हे दोन. बहुतेक जण मधली जागा पकडतात. इतर वाद्यांबरोबर वाजवायचं असेल तर गंधारही थोडा वर आणून तडजोड करतात. तुम्ही आधी कानाने, तंबोऱ्याच्या किंवा स्थिर सा च्या साथीने लावून पाहा. मग ट्यूनरवर तो आकडा वाचा आणि तक्त्यावर लिहून ठेवा.

7. बसणं आणि पाय

पाऊल ए आणि बी दोन्हींवर एकदम बसायला हवं आणि घोटा डावी-उजवीकडे कलवून एकच सोडता यायला हवं. जाड तळव्याचे बूट नकोत. मांड्या लिव्हरना टेकत असतील तर बैठक उंच करा किंवा कमी करा, वाद्याचे पाय नंतर. उजवा पाय व्हॉल्यूम पेडलवर: तार छेडताना ते अर्धवट दाबलेलं, सूर विरू लागला की हळूहळू आणखी. सुरुवातीलाच पूर्ण दाबलंत तर पुढे द्यायला काही उरत नाही.

8. पहिला सराव

बार तिसऱ्या फ्रेटवर, बरोबर रेषेच्या वर. साध्या गिटारसारखा रेषेच्या मागे नको. 4, 5, 6 या तारा एकत्र छेडा: जी मेजर. त्या वाजत असतानाच ए आणि बी सावकाश दाबा: सी मेजर. दाबून ठेवूनच पाचव्या फ्रेटवर सरका: डी मेजर. परत तिसऱ्यावर येता येता पेडलं सोडा: पुन्हा जी. पाचव्या तारेवरचा प ते ध हा प्रवास नीट ऐका. तो मींडेसारखा यायला हवा, खटक्यासारखा नाही.

हे जमलं की तीच जी मेजर तीन ठिकाणी शोधा. तिसऱ्या फ्रेटवर काही न दाबता, सहाव्यावर ए आणि एफ लावून, दहाव्यावर ए आणि बी लावून. पंधराव्यावर पुन्हा मोकळी. मग दुसरी कोणतीही कॉर्ड घ्या, अंतरं तीच राहतात: तीन घरं पुढे, आणखी चार घरं पुढे, आणखी पाच. मी हे तक्त्याच्या मागच्या बाजूला लिहून ठेवलं होतं आणि बराच काळ त्या कागदाकडे बघूनच वाजवलं.

9. मांडणी बदलायची वेळ

थोडंफार वाजू लागलं की एखाद्या आवडत्या वादकाचा वेगळा बदल आपल्याही वाद्यावर हवासा वाटतो. निदान एक वर्ष थांबा. तक्ता बदलला की जुने धडे आणि पायांची सवय, दोन्ही पुन्हा बसवावी लागतात. तरीही बदलायचंच असेल तर एका वेळी एकच सळई हलवा, हलवण्याआधी वाद्याच्या पोटाचा फोटो काढा, ती कोणत्या भोकात होती ते लिहा. सहावी तार ग वरून रे पर्यंत उतरवायची असेल तर तिथे गुंडाळलेली तार आहे का ते आधी पाहा. गुंडाळलेल्या तारेला तेवढं उतरायला जास्त ओढ लागते आणि अनेक वाद्यांत लिव्हर तिथवर पोचतच नाही. साधी 0.020 इंचाची तार लावली की बरेचदा सळईला हात न लावताच काम होतं.